सल्ल्यानंतरचे सहा महिने : व्यवस्थापन-संस्थांच्या संचालकांस खुले पत्र

मुंबई, ठाणे व पुणे परिसरांतील व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांचे सन्माननीय संचालक आणि उत्पादन-व्यवस्थापन हा विषय शिकविणारे प्राध्यापक यांस,



बदलापूरच्या ह्या आमच्या भागातून सकाळच्या लोकलने शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींत अलीकडे व्यवस्थापनाची पदवी घेणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली असून, मी नोकरीची सारी वर्षे अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत उत्पादनाच्या कामावर काढली हे ठाऊक असल्यामुळे त्यांपैकी कित्येकजण आपल्या शंका घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘काका, ऑपरेशन्स हा विषय घेतला तर पुढे कन्सल्टिंगमध्ये शिरता येईल ना?’ मी त्यांना आनंदाने ‘होय’ म्हणतो, कारण उत्तर खरोखरच होकारार्थी आहे. परंतु त्यानंतर मी जेव्हा विचारतो की, बाळांनो, तुम्ही कोणता कारखाना आतून पाहिला, कोणत्या यंत्रापाशी एक संपूर्ण पाळी उभे राहिलात, माल कोठे तुंबतो हे कोणत्या ठिकाणी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा ही हुशार, कष्टाळू आणि सूत्रे मुखोद्गत असलेली मुले गप्प होतात. त्यांच्या या गप्प होण्याची जबाबदारी त्यांची नाही. ती आपली आहे, असे मला सर्व आदर राखून वाटते, आणि म्हणूनच हे पत्र मी त्यांना न लिहिता आपणांस लिहीत आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. सल्लागार होण्याच्या आकांक्षेत मला काहीही वावगे दिसत नाही. ज्या शास्त्राचे आपण अध्यापन करता त्याचा उगमच मुळी सल्लागारांच्या हातून झालेला आहे. फ्रेडरिक टेलर १८९३ नंतर स्वतंत्र सल्लागार अभियंता म्हणून वावरू लागला आणि त्याचे ‘शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे’ हे पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्यापूर्वी १८७८ मध्ये मिडव्हेलच्या पोलाद कारखान्यात तो मजूर म्हणून दाखल झाला होता आणि तेथेच चढत चढत मुख्य अभियंता झाला होता. फ्रँक गिलब्रेथने विटा रचण्याच्या हालचालींचा अभ्यास करून गवंडीकामाची पद्धत बदलली, ती स्वतः गवंड्यांच्या हाताखाली उमेदवारी केल्यानंतर. टेलरच्या मतांविषयी माझे अनेक मतभेद आहेत आणि त्यांकडे मी पुढे येणार आहे. तथापि, ज्या कामाविषयी बोलावयाचे ते काम हाताखालून गेलेले असावे, हा दंडक त्या पिढीने पाळला, आणि आपल्या अभ्यासक्रमातून तो नाहीसा झाला आहे, हे माझे मुख्य गाऱ्हाणे होय.

ते केवळ तत्त्वाचे गाऱ्हाणे राहू नये म्हणून एक हकीकत सांगतो. रंगद्रव्यांसाठी लागणारी मध्यवर्ती रसायने बनविणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादनाचा कारभार पाहत असताना एका संस्थेचे दोन विद्यार्थी उन्हाळी प्रकल्पासाठी आमच्याकडे आले. मुले बुद्धिमान होती व वागावयास अतिशय नम्र होती. रिॲक्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर आणि पल्व्हरायझर या क्रमाने चालणाऱ्या आमच्या कामाचे जुने बॅच-कागद त्यांनी दप्तरातून काढून घेतले, आकडे मांडले, आणि असे दाखवून दिले की, एका मालानंतर दुसरा माल घेताना साधने धुण्यात आमचा फार वेळ जातो. फिक्या रंगाचे माल आधी व गडद रंगाचे नंतर अशा क्रमाने आठवड्याची आखणी केली, तर त्याच यंत्रांवर आठवड्याला आणखी बॅच निघू शकतील. कल्पना उत्तम होती. अहवाल सुबक बांधणीचा होता, मालकांसमोर सादरीकरणही फार चांगले झाले, आणि त्या अहवालास संस्थेत वरची श्रेणी मिळाल्याचे मला मागाहून कळले.

मुले गेली आणि पुढच्या सोमवारपासून आम्ही नवी आखणी लागू केली. तिचा पाडाव पहिल्याच आठवड्यात झाला. त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या वसाहतीचा पाणीपुरवठा आठवड्यातून एक दिवस बंद ठेवीत असत, आणि ज्या अभिक्रियेत उष्णता निर्माण होते ती बॅच शीतकरणाच्या पाण्यावाचून अर्ध्यात सोडता येत नाही. म्हणून पाणी बंद होण्याच्या आदल्या संध्याकाळी लांब पल्ल्याची बॅच चढवावयाची नाही, हा नियम रात्रपाळीच्या ऑपरेटरांनी आपसांत ठरवून ठेवला होता. तो कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता. मुले सकाळी दहाला येत व पाचला जात, त्यामुळे ज्यांना हा नियम ठाऊक होता त्यांची व मुलांची कधी गाठच पडली नाही. आखणीत आठवड्याचे सारे दिवस सारखे धरले गेले होते, ते सारखे नव्हते, आणि दोन आठवड्यांत कारखाना पुन्हा जुन्या वळणावर गेला.

महाशय, त्या मुलांची कल्पना चुकीची नव्हती, हे मला येथे विशेषत्वाने सांगावयाचे आहे. लांब पल्ल्याची बॅच एक दिवस अलीकडे ओढली असती, तर त्यांच्या आखणीतला बहुतेक लाभ पदरात पडला असता; ही दुरुस्ती एका दुपारचे काम होती. परंतु ती करावयास कोणी परत आले नाही. संस्थेच्या दृष्टीने अहवाल सादर झाला त्या दिवशी प्रकल्प संपला होता. आमच्या दृष्टीने तो त्या दिवशी सुरू झाला होता. श्रेणी देणाऱ्या प्राध्यापकांना आखणी टिकली की मोडली हे कधीच कळले नाही, आणि ज्या मुलांना ते कळावयास हवे होते त्यांना तर नाहीच नाही. आज ती मुले कोठे तरी मोठ्या हुद्द्यावर सल्लागार असतील. आणि आपला पहिला सल्ला यशस्वी झाला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असेल. ही समजूत दूर करण्याची संधी त्यांना त्यांच्या शिक्षणाने दिली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

याच्या उलट एक उदाहरण आपण सर्वच वर्गात सांगता, परंतु त्यातला निम्मा भाग सांगावयाचा राहून जातो. जपानी सल्लागार शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या कारखान्यात एक हजार टनी प्रेसची डाय बदलण्याचा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला, हे प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. मात्र चार तासांचे दीड तास होण्यास सहा महिने लागले. आणि त्यानंतर शिंगो पुन्हा त्या कारखान्यात गेले तेव्हा व्यवस्थापनाने त्यांच्यासमोर तीन मिनिटांचे उद्दिष्ट ठेवले आणि आणखी सुमारे तीन महिन्यांच्या खटपटीने ते साध्य झाले, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. यंत्र थांबलेले असतानाच करावयाची कामे कोणती आणि यंत्र चालू असताना उरकता येण्याजोगी कामे कोणती, हा भेद तर शिंगोंना त्याच्याही कितीतरी आधी, १९५० मध्ये, माझदाच्या कारखान्यात सुचला होता. म्हणजे एका सूत्राच्या पाठीमागे जवळजवळ वीस वर्षांचे येणे-जाणे उभे आहे. विद्यार्थ्याला सूत्र मिळते, येणे-जाणे मिळत नाही.

आपल्या अध्यापनातील आणखी एका उणिवेकडे लक्ष वेधतो, आणि येथे थोडे विस्ताराने लिहिण्याची मुभा मागतो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आपण पहिल्याच सत्रात शिकविता : व्यवस्थेत अडकलेल्या नगांची सरासरी संख्या म्हणजे नग येण्याचा वेग गुणिले प्रत्येक नगाचा सरासरी मुक्काम. समजा, एखाद्या वर्कशॉपमध्ये सहाशे जॉब निरनिराळ्या अवस्थांत पडून आहेत आणि रोज पन्नास जॉब बाहेर पडतात. तर नव्या जॉबला सरासरी बारा कामकाजाचे दिवस लागणार, मग मालकाने गिऱ्हाइकाला चार दिवसांचा वायदा कितीही मनापासून केलेला असो. एवढ्या साध्या गुणाकाराने एका लघुउद्योजकाचे डोळे उघडतात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. ओव्हरटाइम देऊन कामाचा वेग वाढविण्याऐवजी नवे जॉब आत सोडण्याचे प्रमाण आवरले, तर मुक्काम आपोआप घटतो, ही गोष्ट त्याला कोणी समजावून सांगितलेली नसते.

पण ते सहाशे जॉब मोजावयाचे कसे? खरी विद्या येथे आहे, आणि ती पुस्तकात नाही. आमच्या वसाहतीतील कोणत्याही मध्यम वर्कशॉपमध्ये जा : काही माल लेथच्या शेजारी ट्रेमध्ये असतो, काही तपासणीच्या टेबलाखाली, काही ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूस सारलेला परंतु ऐनवेळी दुरुस्त करून पाठविला जाणारा, आणि बराचसा माल तर कारखान्यातच नसतो, तो चलनावर बाहेर प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला किंवा ग्राइंडिंगला गेलेला असतो. संगणकातील नोंद, स्टोअरकीपरचे रजिस्टर आणि जमिनीवरचा प्रत्यक्ष माल या तिहींचा मेळ क्वचितच बसतो. प्लेटिंगवाल्याकडून माल केव्हा येणार, हे टेम्पोवाल्याला मॅनेजरपेक्षा अधिक खात्रीने ठाऊक असते. ज्या विद्यार्थ्याने चलनबुक हातात घेऊन, एकेक गेटपास ताडून, टेम्पोत बसून त्या प्लेटिंगवाल्याच्या दारापर्यंत जाऊन ही मोजणी एकदा पुरी केली, त्याला लिटलचा नियम जन्मभर विसरता येणार नाही. आणि पुढे सल्लागार झाल्यावर कोणी त्याच्यासमोर साठ्याचा आकडा ठेवला तर तो पहिल्याने विचारील की, हा आकडा कोणी, कोठे उभे राहून मोजला. असा प्रश्न विचारणारा मनुष्य तयार करणे हे मला उत्पादन-व्यवस्थापनाच्या शिक्षणाचे खरे प्रयोजन वाटते. आज मात्र मुलांचा सारा उत्साह प्लेसमेंटच्या आधीच्या मुलाखतींत काल्पनिक उद्योगांचे काल्पनिक प्रश्न अर्ध्या तासात सोडविण्याच्या तालमीत खर्ची पडतो, आणि संस्थाही त्या तालमीस उत्तेजन देतात.

आता कामगारांविषयी. कामाचे मोजमाप हा विषय आपण जणू तो नीतिनिरपेक्ष गणिताचा भाग असावा अशा रीतीने शिकविता. त्याचा इतिहास तसा नाही. १९११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात टेलरपंथी निरीक्षकाने घड्याळ लावताच ओतकामाच्या कामगारांनी काम बंद केले, आणि पुढे अमेरिकेच्या काँग्रेसने अशा मोजणीवर सरकारी पैसा खर्च करण्यास मनाई केली. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशा कार्यक्षमतेच्या योजनांविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने संपावर होते आणि सरकारला फॉसेट समिती नेमावी लागली. ज्या मुंबईत आपल्या संस्था उभ्या आहेत त्याच मुंबईचा हा इतिहास. परंतु टेलर शिकलेल्या विद्यार्थ्याला गिरणी कामगारांच्या या संपाचे नावही ठाऊक नसावे, हे मला फार खटकते. ज्याच्या कामाची पद्धत आपण बदलणार, त्याचे ऐकून घेणे ही सौजन्याची बाब तर आहेच, पण त्याहून अधिक ती ज्ञानाची बाब आहे. वर सांगितलेला पाण्याचा नियम ऑपरेटरपाशी होता, आमच्या कार्यालयापाशी नव्हता.

याच ओघात एक अपेक्षा नमूद करतो. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पाचा निष्कर्ष मालकांस इंग्रजीत सादर करावा, त्याला माझी हरकत नाही. परंतु त्याच निष्कर्षाचे दोन पानी मराठी वा हिंदी टिपण ज्यांच्या कामावर तो बेतलेला आहे त्यांच्यासमोर वाचून दाखविले जावे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढून कारखानदारीचा विषय मराठी वाचकांच्या घरात नेला होता. जे शंभर वर्षांपूर्वी एका खेडेगावाशेजारच्या माळरानावर उभ्या राहिलेल्या कारखान्याला साधले, ते आज आपणांस अशक्य नसावे.

आणखी एक गोष्ट आमच्या भागातील रहिवासी या नात्याने सांगणे मला प्राप्त आहे. आपल्या आकृत्यांत प्रक्रिया कच्च्या मालापासून निघते आणि तयार मालापाशी थांबते. सांडपाण्याची वाट त्यांत क्वचितच काढलेली असते. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी बांधवांनी लष्करी छावणीच्या जागेवर जे उल्हासनगर उभे केले, तेथील उद्यमशीलतेविषयी मला नितांत आदर आहे; तेथील जीन्सच्या धंद्याने हजारोंना रोजगार दिला. परंतु जीन्स धुण्याचे रंगीत पाणी आणि आमच्या अंबरनाथच्या रसायनांचे पाणी वालधुनीत उतरले, आणि ज्या नदीच्या काठी १०६० साली अंबरनाथचे शिवालय बांधले गेले तिची काय अवस्था झाली ती कोणीही जाऊन पाहावी. धुलाईची क्षमता दुप्पट करण्याची योजना आखणारा सल्लागार जर नाल्यापर्यंत चालत गेला नसेल, तर त्याचा हिशेब अपुरा आहे, मग त्याने खर्चाचा पै न् पैचा ताळा जुळविलेला का असेना. शेवटी न्यायालयांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला हस्तक्षेप करावा लागतो, तेव्हा ज्यांची रोजी जाते ते कामगार त्या योजनेच्या सादरीकरणाला हजर नसतात.

हे सारे अशक्यकोटीतले मागणे आहे असे आपण म्हणू नये, कारण आपल्याच क्षेत्रात याची परंपरा आहे. भारत सरकारने १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने पवईच्या परिसरात, विहार तलावाशेजारी, जी संस्था स्थापन केली ती औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठीच होती; ‘नायटी’ या नावाने तिने कारखानदारीला दोन पिढ्यांहून अधिक काळ माणसे पुरविली, आणि २०२३ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये ती भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई झाली. तिच्या नव्या रूपातही यंत्राशेजारी उभे राहण्याची ती जुनी शिस्त कायम राहावी, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ पासून अस्तित्वात आहे. लघुउद्योगांत अपव्यय कमी करण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये नव्या स्वरूपात ‘लीन’ योजना सुरू केली असून तीत सल्लागाराच्या शुल्काचा मोठा भाग सरकार सोसते. म्हणजे पैसा आहे, योजना आहे, गरजू कारखाने आहेत आणि लोकलच्या एका प्रवासाच्या अंतरावर आहेत. त्या कारखान्यांच्या मालकांना नामांकित सल्लागार कंपन्यांचे शुल्क कधीच परवडणार नाही. त्यांना परवडतील ते आपले विद्यार्थीच.

म्हणून माझी विनंती अशी आहे. उत्पादन-व्यवस्थापन हा विषय घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक सत्र लहान वा मध्यम कारखान्यात पाळीवर हजर राहणे सक्तीचे करावे, आणि त्यात रात्रपाळीचा समावेश असावा. प्रकल्पाची अंतिम श्रेणी अहवालाच्या दिवशी देऊ नये. सहा महिन्यांनी विद्यार्थ्याने त्याच कारखान्यात परत जावे, सुचविलेल्यांपैकी काय टिकले, काय मोडले आणि का मोडले हे लिहून आणावे, आणि श्रेणी त्या लिखाणावर ठरावी. मोडलेल्या सूचनेचे कारण ज्याने नेमके शोधले त्याला, टिकलेल्या सूचनेइतकेच गुण द्यावेत. तसे न केल्यास मुले अपयश लपवावयास शिकतील. मूल्यमापनाच्या समितीवर प्राध्यापकांच्या जोडीने त्या कारखान्यातील एखादा फोरमन वा सुपरवायझर बसवावा. संस्थेच्या वेळापत्रकाला याची अडचण होईल, हे मी जाणतो. पदवी मिळून विद्यार्थी बाहेर पडल्यावर सहा महिने उलटतील, असेही कोणी म्हणेल. त्यावर उपाय एवढाच की, प्रकल्प पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात सुरू होतो, त्याची दुसरी भेट दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात सहज बसते. अडचण वेळेची नाही, इच्छेची आहे, असे माझे नम्र मत आहे.

पुढील शैक्षणिक वर्षी आपल्यापैकी एका संस्थेने, एका तुकडीपुरता का होईना, हा प्रयोग करून पाहावा. अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील माझ्या परिचयाच्या कारखानदारांशी गाठ घालून देणे, मुलांबरोबर पहिल्या काही पाळ्यांना हजर राहणे आणि सहा महिन्यांनी त्यांच्याबरोबर परत जाणे, ही कामे मी विनामोबदला आणि आनंदाने करीन. आपल्या उत्तराची वाट पाहतो.



आपला स्नेहाकांक्षी,
एक निवृत्त उत्पादन-अधिकारी
बेलवली, बदलापूर, जिल्हा ठाणे